लेस्टरमध्ये मत दिलं, सांगलीत देता आलं नाही

(एका मराठी संकेतस्थळावरची चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कृष्णाकाठ

४ जुलै २०२४, गुरुवार. रात्रपाळी संपवून घरी जाता जाता मी चर्चच्या हॉलमध्ये शिरले. लेस्टरमधल्या आमच्या भागाचं मतदान केंद्र तिथेच होतं. टेबलामागच्या आजींनी ओळखपत्र मागितलं, मी आपला अशोकस्तंभाचा निळा पासपोर्ट पुढे केला. त्यांनी फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, यादीत नावावर रेघ ओढली आणि मतपत्रिका दिली. आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल होती. फुली मारली, घडी घातली, पेटीत टाकली. राष्ट्रकुल देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये रीतसर राहत असेल तर त्याला तिथल्या पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं, म्हणून मला देता आलं. मी ब्रिटिश नागरिक नाही.

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला आपल्याकडे विधानसभेचं मतदान होतं. माझी आई सांगलीच्या गावभागात एकटी राहते. सकाळी साडेसातला मत देऊन तिने शाईच्या बोटाचा फोटो पाठवला. इथे तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी वॉर्डात पेशंटची औषधं काढत होते. फोटो बघून घशाशी आलं.

का, ते सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ ची. आई शेजारच्यांच्या माडीवर तीन दिवस होती. दुसऱ्या दिवशी तिच्या फोनची बॅटरी संपली आणि पुढचे तीस तास मी मराठी बातम्यांमध्ये आमची गल्ली शोधत बसले. पाणी ओसरल्यावर गाळ काढायचे आणि गिलाव्याचे पैसे मी पाठवले. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. कोयनेतून पाणी कधी सोडायचं, अलमट्टी धरणाची उंची किती ठेवायची, पूररेषेत बांधकामाला परवानगी कोण देतं, हे प्रश्न माझ्या आईच्या उंबऱ्याचे आहेत, आणि मतं मागायला येणाऱ्याला ते विचारण्याचा मला अधिकार हवा आहे.

कायदा काय म्हणतो? लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. भारतीय पासपोर्ट असलेल्या, परदेशी राहणाऱ्या माणसाला फॉर्म ६-अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव घालता येतं. पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला अशी सुमारे १ लाख १९ हजार नावं यादीत होती, मत दिलं तीन हजारांहूनही कमी जणांनी, आणि त्यातले बहुतेक केरळचे. प्रतिनिधीमार्फत मत देण्याचं विधेयक लोकसभेने ऑगस्ट २०१८ मध्ये मंजूर केलं होतं, पण राज्यसभेत मंजूर होण्याआधीच ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बाद झालं. २०२० मध्ये निवडणूक आयोगाने टपाली मतपत्रिकेचा प्रस्ताव सरकारकडे पाठवला. तोही अडकला.

माझं मत: भारतीय पासपोर्ट असलेल्याला टपालाने मत देता आलंच पाहिजे. आणि ज्यांनी दुसऱ्या देशाची शपथ घेतली, त्यांनी इथे कोण निवडून यावं हे लोकांना सांगणं थांबवावं.

बांधावरून

ताई, मी वाळव्याकडचा. २०१९ ला आमच्याही सोप्यात पाणी होतं, त्यामुळे तुमची तगमग कळते. तरी मी विरोधात आहे.

शेतीपंपाची लाईट आमच्याकडे आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. उसाला पाणी पाजायला रात्री एकला बॅटरी घेऊन जायचं, आणि आता उसात बिबट्या असतो. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला तर दुरुस्त होईपर्यंत वायरमनच्या मागे फिरायचं. ज्या आमदारामुळे हे सुटणार किंवा चिघळणार, त्याच्याबरोबर पाच वर्षं आम्हाला काढायची आहेत. चुकीचा निवडला तर पाणी आम्ही रात्री पाजणार, तुम्ही नाही. पैसे पाठवणं मोठी गोष्ट आहे, तुमच्यासारख्या लेकींमुळे कितीतरी घरं उभी आहेत. पण पैसा पाठवणाऱ्याला मताचा जास्तीचा हक्क मिळतो हे मला पटत नाही.

आमच्या भावकीतला एकजण वीस वर्षं बाहेर आहे. मतदानाच्या आदल्या रात्री तो अण्णांना फोन करतो आणि देश कुठे चाललाय ते तासभर समजावतो. कोणतं बटण दाबायचं तेही सांगतो. अण्णांचा डोळ्याचा मोतीबिंदू, खताचा भाव, सोसायटीचं थकलेलं कर्ज, यातलं एकही त्याच्या बोलण्यात येत नाही. त्याला देश दिसतो, गाव दिसत नाही. अशी लाखभर मतं टपालाने आली तर आमच्या गावचा निकाल आमचा राहणार नाही.

बालाघाट

दोघांनाही एक विचारतो. मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातला, घर ऊसतोड मजुरांचं. आईबाप मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेतली की दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरतो आणि घराला कुलूप लागतं. २० नोव्हेंबर २०२४ ला काही टोळ्या मतदानासाठी थांबल्या होत्या, काही निघून गेल्या होत्या. आमची गेली होती. आई त्या दिवशी कोल्हापूर जिल्ह्यात फडावर मोळ्या बांधत होती. तिचं नाव यादीत आहे, कार्ड आहे, राहते याच राज्यात, आणि मत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने दूरस्थ मतदान यंत्र आणायचं म्हटलं, एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला बोलावलं. विरोधी पक्षांनी शंका काढल्या, काही रास्तही होत्या, आणि विषय तिथेच राहिला. परदेशातल्यांच्या मतावर निदान लोकसभेत विधेयक तरी मंजूर झालं. फडावरच्या बाईसाठी तेवढंही नाही. सोय करायचीच तर आधी तिची करा. ताईंना मत नको असं मी म्हणत नाही, रांगेत आधी कोण ते सांगतोय.

खाडीकाठ

बांधावरूनदादा, तुमचा भाऊबंद तिथला नागरिक झाला असेल, किंवा उद्या होईल. मी चिपळूणचा, सव्वीस वर्षं कुवेतला आहे. इथे अजून सव्वीस काढली तरी मी नागरिक होणार नाही. अकामा (राहण्याचा परवाना) संपला की बॅग भरायची. मला एकच सरकार आहे, ते भारताचं.

१२ जून २०२४ ला मंगाफला कामगारांच्या इमारतीला आग लागली. चाळीसहून अधिक भारतीय गेले. मी राहतो तिथून धूर दिसत होता. हवाई दलाच्या विमानाने मृतदेह कोचीला नेले तेव्हा केरळचे मुख्यमंत्री आणि मंत्री विमानतळावर उभे होते. परदेशातल्या माणसांसाठी केरळात १९९६ पासून स्वतंत्र खातं आहे. का? तिथल्या पुढाऱ्याला ठाऊक आहे की आखातातल्या माणसाच्या मागे घरातली मतं आहेत, आणि तो स्वतःही विमान पकडून मत द्यायला येऊ शकतो. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातही घराघरांतून माणसं आखातात आहेत, पण आमची दखल कोण घेतो?

७ मे २०२४ ला सुट्टीवर होतो, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ६-अ वाला मतदार म्हणून मत दिलं. केंद्रावरच्या मास्तरांनी पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला, यादीची पानं चाळली आणि शेवटी नाव सापडल्यावर उठून उभे राहिले. म्हणाले, इतक्या निवडणुका केल्या, असा मतदार पहिलाच. ज्याला त्या तारखेला सुट्टी मिळाली नाही त्याने काय करायचं? माझ्या खोलीत सहाजण राहतात. बाकीच्या पाचांना मिळाली नाही.

रद्द शिक्का

कृष्णाकाठ, तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं, म्हणून लिहिते. मी न्यू जर्सीत राहते, अमेरिकन नागरिक आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही चौदा वर्षं होतो. नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा, मग देश भारताएवढा असो की आइसलंडएवढा. तोपर्यंत नवऱ्याची नोकरी गेली तर ६० दिवसांत नवी शोधा नाहीतर निघा, ही टांगती तलवार. नागरिकत्व मिळालं तेव्हा मुलीसाठी घेतलं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. पासपोर्ट परत आला तो ‘रद्द’ शिक्क्यासह, आणि कपाटात आईच्या पाटल्यांशेजारी ठेवला आहे. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मत नाही, शेतजमीन घेता येत नाही. ते मला मान्य आहे. मला मत नकोच.

पण बोलूही नको? १९१३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर इंग्रज राजवटीविरुद्ध गदर चळवळ उभी राहिली, तिच्यात वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे होते. पिंगळे अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेले होते. बाहेर राहून देशाबद्दल बोलण्याची आपली परंपरा आहे. माझ्या माहेरच्या गावात शाळेची खोली पडली तर मला बोलायचा अधिकार आहे, पासपोर्ट कुठलाही असो.

नागसेनवन

पिंगळ्यांचं नाव घेतलंत म्हणून पुढचं सांगणं भाग आहे. ते १९१४ मध्ये परत आले. मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला फासावर गेले. बोलण्याची किंमत त्यांनी परत येऊन मोजली. न्यू जर्सीत बसून महाराष्ट्रातल्या लोकांना कुणाला धडा शिकवायचा ते सांगणारा काही मोजत नाही. तुमच्याबद्दल म्हणत नाही, पण असे पुष्कळ पाहिले आहेत.

मी सिअ‍ॅटलजवळ राहतो. इथल्या मराठी घरात जेवायला गेलं की आधी आडनाव विचारतात. आडनावावरून कळलं नाही तर गाव, मग ‘गावात घर कोणत्या बाजूला?’ माझी मुलगी दहा वर्षांची असताना तिने परतीच्या गाडीत विचारलं, बाबा, त्यांना आपल्या घराची बाजू कशाला हवी होती? मी रेडिओ लावला. २१ फेब्रुवारी २०२३ ला सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, अमेरिकेतलं असं पहिलं शहर. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. विरोध करायलाही आपलीच माणसं आली होती. कॅलिफोर्नियातलं तसंच विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, पण त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला गव्हर्नरांनी नाकारलं. गावाकडचं राजकारण तिकडेच राहतं या समजात कुणी राहू नये. ते सामानात येतं. ताई, तुमच्या लेस्टरने तर २०२२ मध्ये ते रस्त्यावर पाहिलं.

आता टपाली मत. माझ्या आजीने पहिलं मत दिलं ते आडोशाला, एकटीने. पाटलाला कळलं नाही, मालकाला कळलं नाही, आजोबांनाही कळलं नाही. ती हे मरेपर्यंत सांगायची. टपालाने आलेली मतपत्रिका घरातल्या टेबलावर पडते. तिथे सासरा बसलेला असतो, किंवा कामगारांच्या खोलीवर मुकादम येऊन सगळ्यांच्या गोळा करतो. खाडीकाठ, तुमच्या खोलीतल्या पाचजणांची मतं कुणी एका माणसाने भरली नाहीत याची खात्री कोण देणार? मत द्यायचंच तर दूतावासात, आडोशाला द्या.

कृष्णाकाठ

नागसेनवन, टपालाबद्दल तुम्ही मला हलवलंत. इथेही असं झालेलं आहे. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समधली २०१४ ची महापौराची निवडणूक न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केली, तिथल्या गैरप्रकारांत टपाली मतंही होती. दूतावासातलं मतदान मला चालेल. बर्मिंगहॅमला वकिलात आहे, लेस्टरहून तासाभराची गाडी, सुट्टी टाकून जाईन.

२०२२ चं खरं आहे. दुबईत २८ ऑगस्टला भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना झाला आणि त्यानंतर आमच्या शहरात हिंदू-मुसलमानांत जे पेटलं ते तीन आठवडे धुमसत होतं. माझ्या वॉर्डात तेव्हा गुजराती हिंदू आणि पाकिस्तानी मुसलमान नर्सा एकाच पाळीला होत्या. त्या आठवड्यांत चहाच्या खोलीत कुणी बसायला येत नव्हतं. मी काय केलं? मीही माझा कप घेऊन स्टोअररूममध्ये जायचे. ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

रद्द शिक्का, माझं ते वाक्य मी मागे घेते. शाळेच्या खोलीबद्दल बोला, जरूर बोला. बालाघाट, तुमच्या आईचा नंबर माझ्या आधी, यावर माझा वाद नाही. बांधावरूनदादा, तुमच्याशी मात्र मी सहमत होणार नाही. तुम्ही पाणी पाजता म्हणून तुमचा हक्क आहे, पण त्या उंबऱ्यात आलेलं पाणी माझ्याही घरात आलं होतं. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून बाहेर राहणाऱ्या आपल्या नागरिकांवरची पंधरा वर्षांची मतदानाची अट काढून टाकली. माणूस गेला म्हणून त्याचं घर तिथून जात नाही, एवढं त्यांना मान्य आहे. आपल्याला का नसावं?

बांधावरून

माझं मत बदललेलं नाही. जो राहतो त्यानेच निवडावं.

आईंचं मात्र सांगून ठेवतो. पुलाजवळ पाणी चाळीस फुटांवर गेलं की आमची पोरं ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन सांगलीत माणसं काढायला येतात, २०१९ लाही आली होती. गावभागात गल्ली कोणती, खुणेला काय आहे, ते मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जूनच्या आधी करा, नंतर रेंज नसते.