पद्मिनीत जिप्सीचं इंजिन: फाउंडेशन रबरी की पीयू?

फियाटप्रेमी: प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या जागी मारुती जिप्सीचं १२९८ सीसी इंजिन बसवतोय, गिअरबॉक्स त्याचाच. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) वेगळी असते, त्यामुळे ती वगळून मागे थेट शाफ्ट जोडता येतो. फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या गाद्यांवर टेकतं त्या, मात्र पॉलियुरेथेनचंच (पीयू, रबरापेक्षा कडक) हवं असं माझं ठाम मत आहे. रबरावर तेल गळलं की ते फुगतं आणि लिबलिबीत होतं. मग क्लच सोडताच इंजिन एका अंगावर कलतं.

मूळचंच_बरं: साफ नामंजूर. जिप्सीला शिडीची चासी आहे आणि तिच्यावर बॉडी पुन्हा रबरावर बसते. म्हणजे थरथर दोनदा गाळली जाते. पद्मिनीत बॉडी हीच चासी. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर सेकंदाला साधारण २७ ठोके देतं. कडक पीयू लावलंत तर ते सगळे थेट पत्र्यात उतरतील. सिग्नलला उभं राहिलात की आरसा, स्टिअरिंग, डॅशबोर्ड सगळं खडखडणार, आणि इतक्या वर्षांचे स्पॉट वेल्ड तेवढं सोसतीलच असं नाही.

घाटातला: सरळ लोखंडी फाउंडेशन टाका, इंजिन हलणारच नाही.

लेथवाला: रेसच्या गाडीत ठीक, रोजच्या गाडीत अजिबात नको. त्यातही पुढे लोखंडी आणि गिअरबॉक्सखाली मऊ रबर, अशी मिसळ केलीत तर गिअरबॉक्सचा कान (बोल्ट बसतो तो भाग) तडकतो. रबर की पीयू यापेक्षा ब्रॅकेट कुठे आहे ते महत्त्वाचं. पहिल्या गिअरमध्ये टॉर्क (पिळाचा जोर) गिअरच्या पटीने वाढून फाउंडेशनवर येतो. एका बाजूचं दाबलं जातं, दुसऱ्या बाजूचं ओढलं जातं आणि तिथेच रबर पत्रीपासून सुटतं. मधून बोल्ट आरपार जाणारी, आतून अडकणारी जोडी घ्या. ब्रॅकेट आधी नुसते टाके मारून धरा. गाडी चाकांवर उभी करा, गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि मागच्या डिफरन्शियलचा पिनियन (शाफ्ट जिथे जोडतो तो दांडा) समांतर आहेत का ते कोनमापकाने तपासा, आणि मगच पूर्ण वेल्डिंग करा. कोन चुकला तर शाफ्टच्या टोकांचे क्रॉस (वळते सांधे) लवकर जातील आणि लोक दोष रबराला देतील. इंजिन ते बॉडी अर्थिंगची जाड पट्टी विसरू नका. नाहीतर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो.

मूळचंच_बरं: कागदांचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. व्हिंटेज म्हणून नोंदवायची म्हटलं तरी २०२१ च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडी. वेल्डिंगआधी आरटीओत विचारा.

फियाटप्रेमी: कागदांचं आधी बघतो. चासीचा मुद्दा पटला, पुढे रबरच ठेवतो. पण इंजिनची उसळी रोखायला वरून एक टॉर्क रॉड (इंजिनला बॉडीशी धरून ठेवणारी दांडी) टाकणार, त्यावर मी ठाम आहे.

लेथवाला: टाका, पण दुसरं टोक मडगार्डच्या पत्र्याला धरू नका, फाटेल. खाली क्रॉस मेंबरलाच (इंजिनखालच्या आडव्या पट्टीला) धरा आणि रॉडच्या दोन्ही टोकांना रबर बुश ठेवा. नाहीतर रबरी फाउंडेशन लावून उपयोग काय?