मदत हवी आहे: आमच्या मसाल्याच्या डब्याची नक्कल, आणि समोरच्याकडेही नोंदणी

नमस्कार मंडळी,

वसईला माझा आणि धाकट्या भावाचा प्लास्टिक मोल्डिंगचा छोटा गाळा आहे. २०२२ साली आम्ही मसाल्याचा नवा डबा काढला. अंगाला आठ पाकळ्यांसारखे फुगवटे आणि झाकणावर त्याच पाकळ्या मध्याकडे मिटत गेलेल्या. साच्यामागे भावाची सात महिन्यांची मेहनत आहे आणि आईच्या दागिन्यांवर काढलेलं कर्जही. डिझाइनची रीतसर नोंदणी केली आहे.

गेल्या दिवाळीत बाजारात तसाच डबा आला. पाकळ्या नऊ, तळ किंचित चपटा, झाकणाची कडी वेगळी. आम्ही नोटीस पाठवली. उत्तर आलं की फरक स्पष्ट आहेत, शिवाय आमच्याकडेही नोंदणी आहे. डबा हातात घेतला की भावाचा चेहरा पडतो, ते बघवत नाही.

डिझाइन अ‍ॅक्ट २००० मी दोनदा वाचला. कलम २२ मध्ये लबाडीने केलेल्या किंवा उघड दिसणाऱ्या नकलेची बंदी आहे, पण कोर्ट पाकळ्या मोजतं की अख्खा डबा बघतं? त्यांच्या नोंदणीमुळे आमचा दावाच अडतो का? आणि ज्याने झोप उडाली आहे ते: अर्ज ऑगस्टमध्ये केला, पण जूनमध्येच भावाने डीलरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नमुन्याचा फोटो टाकला होता.

प्रतिसाद (मी वकील आहे, मुंबई):

ताई, कोर्ट पाकळ्या मोजत बसत नाही. दोन्ही डबे समोर ठेवून एकूण दिसणं डोळ्यांनी पारखतं. कडी हा यंत्रणेचा भाग, तिला या कायद्याचं संरक्षण नाही, त्यामुळे तो फरक त्यांच्या फारसा कामाचा नाही. पण तुमच्या डब्यात नवीन काय होतं हेही तपासलं जाईल. पाकळ्यांचे पितळी डबे पूर्वीपासून असतील तर तुमचा हक्क तेवढा आक्रसतो. जुन्या डब्यांचे फोटो आत्ताच गोळा करा, समोरचा करणारच आहे.

त्यांची नोंदणी म्हणजे ढाल नव्हे. व्हर्लपूल विरुद्ध व्हिडिओकॉनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली नोंदणी असलेल्या प्रतिवादीविरुद्धही दावा चालतो असं धरून अंतरिम मनाई (निकाल लागेपर्यंतचा मनाई आदेश) दिली. वॉशिंग मशीनचं प्रकरण होतं ते.

खरी भीती फोटोची. नोंदणी रद्द होण्याचं कोणतंही कारण दाव्यात बचाव म्हणून घेता येतं, आणि अर्जाआधी प्रसिद्धी हे त्यातलंच एक. क्रॉक्स या पादत्राणांच्या कंपनीला २०१८ साली दिल्लीत अंतरिम मनाई मिळाली नाही, कारण डिझाइन नोंदणीआधीच प्रसिद्ध झाल्याचं कोर्टाला दिसलं. विश्वासाने, गुप्त ठेवायच्या समजुतीवर दाखवलेलं मात्र कलम १६ खाली प्रसिद्धी धरत नाहीत. म्हणून त्या मेसेजचे नेमके शब्द शोधा, आणि काहीही पुसू नका.

भरपाईचं म्हणाल तर, ठरावीक रकमेचा मार्ग घेतलात तर एका डिझाइनमागे जास्तीत जास्त ५०,००० रुपये. मनाई आणि नुकसानभरपाईचा दावा हा दुसरा मार्ग. तुम्हाला तोच हवा.

धागाकर्ती:

मेसेज सापडला. ग्रुपमध्ये ४१ जण. भावाने लिहिलंय, "नवीन माल येतोय, बुकिंग घ्या." गुप्ततेचा शब्दही नाही. पण फोटो बाजूने काढलेला आहे, झाकण उघडं ठेवलेलं, त्यामुळे वरच्या मिटत्या पाकळ्या त्यात दिसत नाहीत. नोंदणी अख्ख्या डब्याची आहे. निदान झाकणाच्या नावीन्यावर तरी उभं राहता येईल का?