मदत हवी आहे : आईची प्रतिपिंडे मोजून देणारी प्रयोगशाळा नागपुरात आहे का?

धंतोलीकर : माझ्या धाकट्या बहिणीचे बाळंतपण जवळ आले आहे. आईकडून पुरेशी प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी प्रथिने) न मिळालेल्या नवजात बाळांना ई. कोलाय या जिवाणूचा गंभीर संसर्ग अधिक होतो, असे सिनसिनाटीच्या बालरुग्णालयातील संशोधकांनी 2025 मध्ये दाखवल्याचे वाचले. ही तपासणी कोठे होते, एवढेच हवे आहे. रामदासपेठेत विचारले, तेथे कोणालाच सांगता येईना. कृपया लवकर कळवावे. या वेळी आम्हाला कोणताही धोका पत्करायचा नाही.

सूक्ष्मजीव_विदर्भ : कितवा आठवडा सुरू आहे? आणि "या वेळी" म्हणता, तर मागच्या वेळी काय झाले होते? त्या संशोधनात बाळांच्या टाचेतून घेऊन कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांत प्रतिपिंडे मोजली होती. रोजच्या उपचारात अशी तपासणी नसते, कारण किती प्रमाण पुरेसे हे ठरलेले नाही.

प्रतापनगरच्या_काकू : तपासण्यांच्या मागे लागण्यापेक्षा बाळाला पहिल्या तासात चीक पाजा. माझ्या सुनेच्या वेळी घरातल्यांनी मधाचे बोट चाटवायचा आग्रह धरला होता, तो मी मोडून काढला. चिकातच सगळे संरक्षण असते.

सूक्ष्मजीव_विदर्भ : काकू, चीक हवाच, पण "सगळे" नाही. दुधातील आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) मुख्यतः आतड्याच्या अस्तरावर पहारा देते. रक्तात संरक्षण करणारी आयजीजी (दुसरा प्रकार) वारेतून येते, आणि त्यातील मोठा वाटा शेवटच्या काही आठवड्यांत पोचतो.

अमेय_सदर : त्याच संशोधनात उंदरांच्या माद्यांना निस्ले 1917 हा निरुपद्रवी ई. कोलाय दिल्यावर पिल्लांना संरक्षण मिळाले. मग प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणूंची पुडी) आजच सुरू करावे. माझ्या पत्नीने गरोदरपणात घेतले होते, बाळ ठणठणीत आहे.

सूक्ष्मजीव_विदर्भ : अमेयराव, एका ठरावीक जिवाणूचा उंदरांवरील प्रयोग दुकानातल्या कोणत्याही पुडीला लागू होत नाही. डॉक्टरांना न विचारता गरोदर स्त्रीला असे काही सुचवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बुटीबोरीकर : नाळेतील रक्त साठवून ठेवण्याची नोंदणी आताच करून टाका, नंतर धावपळ होते.

धंतोलीकर : नाळेच्या रक्ताबद्दल मी विचारलेले नाही. तेहतिसावा आठवडा सुरू आहे. मागचे बाळ एकतिसाव्या आठवड्यात झाले आणि चौथ्या दिवशी रक्तातील संसर्गाने गेले. आता फाईल काढून पाहिली, रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) क्लेबसिएला या जिवाणूचे नाव लिहिले आहे. टीडीची (धनुर्वात व घटसर्पाच्या लसीची) दोन्ही इंजेक्शने झाली आहेत.

सूक्ष्मजीव_विदर्भ : भाऊ, फार वाईट वाटले. मात्र हीच माहिती सर्वांत महत्त्वाची आहे. एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला आईची प्रतिपिंडे मुळातच कमी मिळालेली असतात, मग आईच्या रक्तात ती कितीही असोत. दिल्लीतील रुग्णालयांच्या 2016 च्या अभ्यासातही नवजात बाळांच्या संसर्गांत अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हेच आघाडीवर होते. क्लेबसिएलासाठी गरोदरपणात द्यायची लस आज उपलब्ध नाही. म्हणून प्रसूती लवकर होऊ नये यासाठी काय करता येईल, हे डॉक्टरांना विचारा, आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय आधीच ठरवा. कल्चरचा अहवाल त्यांना दाखवाच. टीडीत डांग्या खोकल्यापासून संरक्षण नसते. टीडॅप ही डांग्या खोकल्यापासूनही संरक्षण देणारी लस सत्ताविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात देतात, म्हणजे अजून वेळ आहे.

धंतोलीकर : टीडॅपबद्दल आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते, उद्याच विचारतो. बाळ पुन्हा लवकर आले आणि बहिणीला पान्हा उशिरा फुटला, तर दूधपेढीच्या दुधात ही प्रतिपिंडे टिकतात का?

प्रतापनगरच्या_काकू : आधी तिचेच दूध काढायला शिकवा. थेंबभर आले तरी तेच पाजा.

सूक्ष्मजीव_विदर्भ : काकूंचे बरोबर आहे. पेढीचे दूध पाश्चरीकरण करून देतात, त्यात आयजीए काही प्रमाणात घटते, तरी भुकटीच्या दुधापेक्षा ते केव्हाही चांगले. पेढीची सोय आहे का, हे रुग्णालय ठरवतानाच विचारून घ्या.