झ्वोनिमीर नावाची अजून कोण मोठी माणसं आहेत?

पेठेचा_सेंटरहाफ
मंडळी, आमच्या तालमीत जुन्या कॅप्टन लोकांचे फोटो लावायचं चाललंय आणि झ्वोनिमीर बोबान पाहिजेच असा माझा हट्ट आहे. १९९८ च्या फुटबॉल वर्ल्डकपला क्रोएशिया पहिल्यांदाच आला, जर्मनीला ३-० नं घरी पाठवलं आणि तिसरा नंबर काढला, तेव्हा कॅप्टन हाच. फोटोखाली चार ओळी लिवायच्यात. झ्वोनिमीर हे नाव तिकडं जुनं आहे का? माहिती खात्रीची द्या, पोरं लगेच मोबाईल काढून चेक करत्यात.

करवीर_इतिहास
लई जुनं आहे भावा. क्रोएशियाचा राजा दिमितार झ्वोनिमीर, ८ ऑक्टोबर १०७५ ला (काही ठिकाणी १०७६ देत्यात) सोलिन गावात पोपच्या दूताच्या हातनं राज्याभिषेक झाला, १०८९ पर्यंत राज्य केलं. बोबानचा जन्म पण ८ ऑक्टोबरचाच, १९६८! क्रोएशियाच्या क्रक बेटावर बाश्का गावाजवळ चर्चमध्ये एक भलीमोठी शिळा सापडली, साधारण ११०० सालची, तिच्यावर ग्लागोलिटिक या जुन्या स्लाव्ह लिपीत कोरलंय की झ्वोनिमीर राजानं सेंट ल्युसीच्या चर्चला जमीन दिली. आपल्याकडं शिलाहारांच्या लेखात देवळाला जमीन दिल्याचं असतंय बघा, तसंच. शिळा आता राजधानी झाग्रेबला आहे. राजाच्या मागं थेट वारस नव्हता, गादीवरनं भांडणं लागली आणि ११०२ ला हंगेरीचा राजाच क्रोएशियाचा पण राजा झाला, त्यामुळं स्वतःच्या राजाचं नाव पोरांना ठेवणं त्यांना मोलाचं वाटत असणार, असं माझं मत.

गणित_शिकवणी
झ्वोनिमीर यांको पण घ्या. गणितात मोठं नाव. १९६५ ला ऑस्ट्रेलियात असताना त्यांनी १,७५,५६० घटकांचा एक स्पोरॅडिक ग्रुप (नेहमीच्या कुठल्याच कुळात न बसणारी गणिती रचना) शोधला, तसला नवा ग्रुप जवळजवळ शंभर वर्षांत कुणाला सापडला नव्हता.

गोलपोस्टमागं
त्याच ९८ च्या टीममध्ये झ्वोनिमीर सोल्डो पण होता, पुढं जर्मनीच्या श्टुटगार्ट क्लबचा कॅप्टन झाला.
पण बोबानचं लिवताना १३ मे १९९० सोडू नका. तेव्हा क्रोएशिया युगोस्लाव्हियातच होता. झाग्रेबच्या माक्सिमीर स्टेडियमवर तिथला क्लब डिनामो विरुद्ध सर्बियाच्या बेलग्रेडचा रेड स्टार, पब्लिकमध्ये तुंबळ हाणामारी, पोलीस डिनामोच्या एका पोराला बडवत होता तर डिनामोचा हा २१ वर्षांचा कॅप्टन पळत गेला आणि उडी मारून पोलिसाला लाथ घातली. बंदी आली, युगोस्लाव्हियाकडनं १९९० चा इटलीतला वर्ल्डकप हुकला. करिअरचा विचार न करता आपल्या पब्लिकसाठी मधे पडला, म्हणून मला तो सगळ्यात मोठा वाटतो.

पेठेचा_सेंटरहाफ
एक नंबर माहिती! राजा आणि माक्सिमीर दोन्ही घेतो. तो पुढं इटलीच्या एसी मिलान क्लबकडनं खेळला, त्याचं काय लिवू?

गोलपोस्टमागं
१९९४ ची चॅम्पियन्स लीग फायनल, अथेन्स, बार्सिलोनाला ४-०. बोबान सुरुवातीपासनं मैदानात होता.