मदत हवी आहे: बेडकाचं हृदय खरंच ‘अपूर्ण’ असतं का?

चिंतातुर_बाबा

मुलगी अकरावी सायन्सला आहे. उभयचर आणि सस्तन यांच्या शरीरसंस्थांची तुलना करणारा तक्ता करायला दिलाय. मी कॉमर्सवाला. त्यात हृदयाच्या वरच्या-खालच्या कप्प्यांना आमच्या वेळी कर्णिका-जवनिका म्हणत, आता अलिंद-निलय, म्हणजे माझी गाडी दारातच अडते.

बराच तक्ता तिनंच भरला. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या बेडकात 10 जोड्या, आपल्यात 12. त्याच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, आपल्या नसतं. युरिया दोघंही बाहेर टाकतात, बेडूकमासा मात्र अमोनिया.

अडलंय हृदयापाशी. बेडकाला अलिंदं दोन, निलय एकच. मग शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळणारच ना? क्लासच्या नोट्समध्ये ‘अपूर्ण दुहेरी अभिसरण’ (म्हणजे रक्त हृदयातून दोनदा जातं, पण मिसळतं) एवढंच लिहून पुढचा मुद्दा. पोरगी विचारते, अपूर्ण असेल तर पावसाळ्यात रात्रभर ओरडायला त्याला दम कुठून येतो? मी गप्प.

शिवाय त्याला श्वासपटलही नाही, फासळ्याही नाहीत. हवा आत जाते कशी?

निवृत्त_झूलॉजी

दुसरं आधी, ते सोपं आहे. आपण छाती फुगवतो आणि हवा आत ओढली जाते. बेडूक नाकपुड्यांतून हवा तोंडात घेतो, नाकपुड्या मिटतो आणि तोंडाचा तळ उचलून ती फुप्फुसांत ढकलतो. गिळतोच म्हणा ना. त्याचा गळा सारखा वरखाली होत असतो, पण दर खेपेला हवा फुप्फुसापर्यंत जातेच असं नाही.

आता हृदय. ‘शुद्ध-अशुद्ध’ हे शब्द आधी बाजूला ठेवा, प्रश्न ऑक्सिजन किती एवढाच आहे. बेडूक ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, आणि कातडीतून ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्त डाव्या नाही, उजव्या अलिंदात उतरतं. म्हणजे उजवीकडचं रक्तही अगदी रिकामं नसतं. शिवाय निलय आतून स्पंजासारखं असतं आणि पुढच्या नळीत पीळदार झडप असते, त्यामुळे दोन्ही रक्तं वाटतात तितकी मिसळत नाहीत.

खरी गंमत पाण्याखाली. तिथं फुप्फुसं बिनकामाची, म्हणून बेडूक तिकडचं रक्त कमी करून कातडीकडे आणि शरीराकडे वळवतो. आपल्याला ही सोय नाही. उजव्या निलयातलं रक्त फुप्फुसांतूनच जायला हवं, श्वास कोंडलेला असो वा नसो. आईच्या पोटात असताना मात्र आपणही हेच करतो: फुप्फुसं बंद, म्हणून दोन अलिंदांमधल्या छिद्रातून रक्त परस्पर पलीकडे जातं. जन्मानंतर ते छिद्र मिटतं.

चिंतातुर_बाबा

मग आपल्यालाच दोन निलयांमध्ये भिंत कशाला हवी?

निवृत्त_झूलॉजी

दाबासाठी. शरीराकडे रक्त साधारण 120 च्या दाबानं जातं, फुप्फुसांकडे 25 च्या आसपास. तिकडेही 120 नं गेलं तर फुप्फुसात पाणी झिरपेल. एका निलयातून दोन दाब निघत नाहीत. आपल्याला अंग सतत गरम ठेवायचं असतं, ऑक्सिजन भरपूर लागतो, म्हणून हा खटाटोप. बेडकाचं अंग हवेबरोबर गार-गरम होतं, त्याचं थोडक्यात भागतं.

चिंतातुर_बाबा

पोरीनं ‘अपूर्ण’वर पेन्सिलीनं काट मारली! परीक्षेत काय लिहू म्हणतेय?

निवृत्त_झूलॉजी

परीक्षेत ‘अपूर्ण’च लिही गं बाई, मार्क घे. काट वहीत राहू दे.