घर घेताना मुदत, ताबा आणि अटी कशा ठरवल्या? खानदेशातले अनुभव सांगा

जळगाव, महाबळ (धागा सुरू करणारा)

आपल्याकडे भावावर घासाघीस जोरात होते. दलाल, दोन्हीकडचे मेहुणे, शेजारचे एखादे आबा, सगळे बसतात आणि दहा-वीस हजारांसाठी रात्र घालवतात. खरेदीखत कधी आणि ताबा कधी, हे मात्र "दिवाळीनंतर बघू" एवढ्यावर सुटतं. पुढची भांडणं बहुतेक त्याच तारखेवरून होतात, म्हणून हा धागा काढतोय. साठेखतात (म्हणजे खरेदीखताच्या आधी होणाऱ्या विक्रीच्या करारात) कुठली अट घालून घेतलीत, समोरच्याने काय मागितलं, कोणी काय सोडलं, हे सविस्तर लिहा.

माझं सांगतो. पिंप्राळ्यातलं रो-हाऊस होतं, मालकाचं गृहकर्ज चालू होतं. थोडंच उरलेलं, पण मूळ कागद बँकेत. त्यांना दीड महिन्यात खरेदीखत हवं होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 डिसेंबर 2023 पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत बँकेने मूळ कागद परत द्यायचे असतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. ते 30 दिवस धरल्याशिवाय कुठलीही तारीख कागदावरच राहणार. म्हणून साठेखत आधी नोंदवलं, इसाराचा (आगाऊ रकमेचा) चेक थेट त्यांच्या कर्जखात्यात दिला आणि लिहिलं: "मूळ दस्त व बोजा उतरल्याचा दाखला मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीखत." त्यांनी बदल्यात इसार वाढवून मागितला, मी दिला. तो पैसा त्यांच्याच कर्जात जात होता, माझं त्यात काही अडत नव्हतं.

भुसावळ, निवृत्त रेल्वे कर्मचारी

निवृत्तीनंतर रेल्वेचं क्वार्टर नेहमीच्या भाड्यावर चार महिने ठेवता येतं. माझी सगळी बोलणी या चार महिन्यांभोवती होती. घर पसंत, भाव पसंत, पण वरच्या मजल्यावर भाडेकरू. मालक म्हणे, "दादा, खरेदी करून घ्या, ते जातील." मी "रिकामा ताबा" हे दोन शब्द घालायला लावले आणि भाडेकरू बाहेर पडेपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवायचं लिहून घेतलं. मालक चिडले, चहा तसाच ठेवून उठले. दोन दिवसांनी स्वतःच फोन केला. भाडेकरू वेळेत गेला.

चोपडा, कापूस उत्पादक

ज्यांचा पैसा पगाराचा नाही त्यांच्यासाठी लिहितो. मालकाला दिवाळीला पूर्ण रक्कम हवी होती. कापसाची वेचणी सुरू होते दिवाळीच्या आगेमागे, त्यात पाऊस लांबला तर ओला कापूस कोण घेणार? मी स्पष्ट सांगितलं, नाना, माझा पैसा संक्रांतीच्या आत येत नाही. ते म्हणाले, मग माझं घर तोवर अडकून पडणार. त्यांचंही खरं होतं. तोडगा असा निघाला: इसार ठरला होता त्याच्या दुप्पट, बाकी दोन हप्त्यांत, शेवटचा 31 जानेवारीला. त्यापुढे एक महिना सवलत, पण त्या महिन्याचं व्याज मी द्यायचं आणि व्याजाचा दर साठेखतातच लिहायचा. दर लिहिलेला असल्यामुळे पुढे कोणाला तोंड वाईट करावं लागलं नाही. सवलतीचे दहा-बारा दिवस लागले, व्याज चुकतं केलं. आजही त्यांच्याकडे जाणं-येणं आहे.

धुळे, देवपूर

बिल्डरकडून नवीन फ्लॅट घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. रेरा कायद्यात (बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा), करार नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आणि आपल्याकडच्या लहान इमारतींपैकी कितीतरी रेरात नसतात, कारण 500 चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर नोंदणी सक्तीची नाही. आमची इमारत सहा फ्लॅटची. करारात ताब्याच्या तारखेपुढे "अधिक सहा महिने" असं छापूनच आलं होतं. ते आम्ही तीनवर आणलं आणि "भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा" असं लिहून घेतलं. हे प्रमाणपत्र म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा अधिकृत दाखला. त्याच्याशिवाय नुसती किल्ली मिळाली, तर त्याला ताबा मिळाला असं मी म्हणणार नाही.

अमळनेर, शिक्षिका

आम्ही घेतलं ते घर तीन भाऊ आणि दोन बहिणींच्या सामाईक मालकीचं. त्यांचे वडील वारलेले, मालमत्ता पत्रकावर अजून त्यांचंच नाव. भाऊ म्हणत होते, बहिणींचं काही म्हणणं नाही, तुम्ही तारीख धरा. बहिणींचं म्हणणं नसेल तर सही करायला काय हरकत, एवढंच मी विचारलं. एक बहीण सुरतला, दुसरी शिंदखेड्याला. माझे वडील अहिराणीत एकच वाक्य म्हणत राहिले, "पहिले कागद कर, मंग पैसा दे."

मग मुदतीचे दोन टप्पे केले. पहिला, वारसनोंद मंजूर होईपर्यंत. तोवर फक्त अल्प इसार. दुसरा, पाचही जणांच्या सह्यांनी खरेदीखत. आणि तारीख आखाजीनंतरची धरली. आखाजीला लेकी माहेरी येतातच, झोके, गाणी, सांजोऱ्या, सगळं आटोपल्यावर दोन दिवसांनी सगळे मिळून दुय्यम निबंधकाकडे गेलो. सुरतच्या ताईंना वेगळी खेप पडली नाही, मुखत्यारपत्राचीही गरज उरली नाही. सही करताना धाकटीच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांचं लहानपण त्या घरात गेलेलं. कागदोपत्री तिला वगळून ते घर घेतलं असतं तर मला तिथं सुखानं राहता आलं नसतं.

नंदुरबार

आमचा प्लॉट भोगवटादार वर्ग 2 चा होता. सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. तारीख न घालता "परवानगीपासून 60 दिवस" लिहिलं आणि परवानगी नाकारली तर इसार पूर्ण परत.

चाळीसगाव, वकील

वरच्या सगळ्यांनी एक चांगलं केलंय, तारीख घटनेला जोडली आहे. त्यात थोडी भर. स्थावराच्या व्यवहारात ठरलेली तारीख हा कराराचा गाभा आहे, असं कोर्ट आपोआप गृहीत धरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये चांद राणी खटल्यात हे सांगितलं आहे. तुम्हाला तारीख पक्की हवी असेल तर तसं स्पष्ट शब्दांत लिहा. मुदत वाढवायची असेल तर दोघांच्या सहीचा पुरवणी लेख करा. इसार रोखीत 20,000 किंवा त्याहून जास्त घेता येत नाही, चेकनेच द्या. आणि करार पूर्ण करून मागायचा दावा ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत लावावा लागतो. समोरचा "बघू, बघू" म्हणत असताना ही तीन वर्षं चालूच असतात.

शिरपूर

ताई, माझं साठेखत पुढच्या आठवड्यात आहे. मालक म्हणतात खरेदीखत पाडव्याला करू, मुहूर्त चांगला. माझं कर्ज तोंडी मंजूर आहे, पत्र यायचंय. काय लिहू?

चाळीसगाव, वकील

भाऊ, पाडव्याला सरकारी सुट्टी असते. मुहूर्तावर कलश ठेवा, नोंदणीची तारीख कामाच्या दिवसाची धरा. 1 एप्रिलला बाजारमूल्याचे नवे सरकारी दर (रेडी रेकनर) लागू होऊ शकतात, मुद्रांक शुल्क वाढलं तर फरक कोणी भरायचा तेही लिहा. बँकेच्या तोंडी शब्दावर मुदत मोजू नका. "मंजुरीपत्र मिळाल्यापासून 30 दिवस, आणि अमुक तारखेपर्यंत पत्र न आल्यास इसार परत" एवढं घाला. मालक ऐकत नसतील तर पत्र येईपर्यंत सही पुढे ढकला. आणि मसुदा सहीच्या आधी मला वाचायला पाठवा.