शिवाजी पूल ते यवलुज, नदीकाठानं २८ किमी: मार्चमध्ये वाट कशी धरावी?

पायवाट:
मार्चच्या मधल्या एखाद्या रविवारी २८ किमीची लाँग रन ठरवतोय. कोल्हापूरच्या शिवाजी पुलावरून निघून आंबेवाडी, प्रयाग चिखली, वरणगे पाडळी करत कासारी नदीच्या अंगानं यवलुजकडं, आणि त्याच वाटेनं माघारी. डांबर टाळून जमेल तेवढं पाणंदीनं, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेनं. २१ किमीची सवय आहे, पण सगळी डांबरावरची. काठानं सलग वाट मिळते का? रोडचे बूट चालतील का? पाणी किती घेऊ? पन्हाळा-जोतिबा बघत पळायचं हाच हेतू आहे, त्यामुळं ‘रंकाळ्याला फेऱ्या मार’ म्हणू नका.

खोडवा:
सलग नाही मिळत. काठाला चिकटून दिसणारी वाट बहुतेक वेळा कुणाच्या तरी मोटरीकडं जाते. पंपाच्या खोपीशी ती संपते, पुढं ओढा नाहीतर उभा ऊस. म्हणून नदी डोळ्यांनी धरायची आणि पाय पाणंदीत ठेवायचे. पाणंद संपली की बांधावरून वाट काढत बसू नका, गावच्या रस्त्यावर या आणि पुढची पाणंद धरा.

मार्चमध्ये वाट ऊसच ठरवतो. तोड झालेल्या बाजूनं सगळं उघडं पडतं, पन्हाळा समोर दिसतो. तोड राहिली असेल तर दोन्हीकडं भिंत, आणि अरुंद पाणंदीत पाल्याची धार दंडावर बारीक रेघा ओढत जाते. घाम लागला की त्या चुरचुरतात. पातळ फुल बाह्या घाला. नकाशाच्या उपग्रह चित्रावर विसंबू नका, ते कुठल्या हंगामातलं आहे कुणास ठाऊक. आदल्या आठवड्यात दुचाकीवरून एक चक्कर टाका.

तुटलेल्या रानातून आडवं जायचा मोह होईल, पण जाऊ नका. कोयत्यानं तिरकस तोडलेला बुडखा पाचटाखाली, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याखाली, झाकलेला असतो, बुटाचा मऊ तळ सरळ फाडतो. त्या पाचटात उंदीर असतात आणि उंदरांमागं घोणस.

दिशा मात्र तुम्ही बरोबर निवडली आहे. जाताना पश्चिमेकडं तोंड, ऊन पाठीवर, आणि उजव्या हाताला आधी जोतिबाचा डोंगर, मग पन्हाळ्याची लांब सपाट धार. सूर्य वर येईपर्यंत नदीवर धूसर असतं, त्यामुळं चांगलं दर्शन साडेसातनंतरच. येताना ऊन तोंडावर, पुढं झाप असलेली टोपी हवीच.

काळीमाती:
बुटांचं सांगतो. वाट कोरडी असेल तर रोडचे चालतात. अडचण पाटाच्या पाण्याची आहे. शेतीपंपाची वीज पाळीनं येते. रात्रपाळी असली की रात्रभर पाणी सुटतं आणि एखादी सरी फुटून पाणंदीत येतं. सकाळी वरून नुसती ओल दिसते, पण काळी माती तळाला चिकटते आणि वीस पावलांत बूट दुप्पट जड. ४ मिमीच्या आसपास खाचा, त्याही एकमेकींपासून लांब असलेला ट्रेलचा (कच्च्या वाटेचा) बूट घ्या, जवळ जवळ खाचा असल्या की माती अडकून बसते. त्याहून खोल नको, निम्मं अंतर डांबरच आहे. माती चढली तर धोंड्यावर टाच आपटून झाडा. तशीच घेऊन पळालात तर पोटऱ्या भरून येतात.

दुसरं, ट्रॉलीच्या चाकोऱ्या. ओल्यात पडलेली चाकोरी वाळली की सिमेंटसारखी होते, घोटा मुरगळतो तो तिथंच. मधल्या उंचवट्यावरून, पावलं आखूड टाकत पळा. वेग डांबरापेक्षा किमीमागं ४५ सेकंद ते एक मिनिट कमी धरा. घड्याळाशी भांडू नका.

आणि काठावर मोटरीच्या केबली, लोखंडी पेट्या असतात. ओल्या जागी त्यांना हात लावायचा नाही, केबलवर पाय द्यायचा नाही.

खोडवा:
केबलीचं बरं काढलंत. बंधाऱ्याचंही सांगून ठेवतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला या दिवसांत बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतात, वर पाणी तुंबलेलं आणि माथ्यावरून लोक ये-जा करतात. माथा अरुंद, त्यात समोरून दुचाकी. तिथं चालत जा. खालच्या अंगाला बरग्यांतून झिरपून शेवाळ धरतं, तोंड धुवायला तिकडं उतरू नका.

गूळपाणी:
पाणी: साडेतीन तास धरले तर जवळ दीड लिटर घेऊन निघा आणि वाटेत गावात एकदा भरा. तासाला ४०० ते ६०० मिली, तहानेप्रमाणं. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं. एका बाटलीत ओआरएस ठेवा. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अर्ध्या पाण्यात दाट करायचं नाही. घरचं करायचं तर १ लिटरला ४० ग्रॅम गूळ, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. गूळ गाळून घ्या, नाहीतर बाटलीचं तोंड चोंदतं.

खायला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, पहिल्या ४० मिनिटांतच सुरुवात करा. केळं, राजगिऱ्याचा लाडू, खजूर. लाडू कोरड्या घशात बसतो, आधी घोट घ्या. निघायच्या आधी आणि आल्यावर वजन करा. १ किलो घटलं म्हणजे साधारण १ लिटर घाम भरून निघालेला नाही, पुढच्या वेळचा हिशेब त्यावरून.

पायवाट:
आभारी आहे सगळ्यांचा. निघायची वेळ? आणि चैत्रात ढकललं तर?

खोडवा:
सहाला, हेडलॅम्प लावून. सूर्योदय पावणेसातच्या आसपास. चिखलीपर्यंतचं डांबर अंधुकात उरकतं, माती उजेडात लागते. डांबरावर उजव्या कडेनं पळा, म्हणजे समोरचं वाहन दिसतं. उसाच्या जोडट्रॉलीला मागं दिवा असेलच असं नाही, आणि वळणावर मागची ट्रॉली आत ओढली जाते. आवाज आला की सरळ खाली उतरायचं. १४ किमी भरले की गाव कुठलंही असो, मागं फिरा.

चैत्रात उसाची गर्दी ओसरते, पण ऊन वाढतं, आणि पौर्णिमेच्या आगेमागे जोतिबाच्या यात्रेनं रस्ते भरतात. ते दिवस सोडा. वळीव दुपारनंतरचा, सकाळच्या पळण्याला त्याचा त्रास नाही. पण आदल्या संध्याकाळी झाला असेल तर पाणंद विसरा, त्या दिवशी डांबरच. प्लॅस्टिकच्या पिशवीत शंभरची नोट ठेवा, पाय गेला तर वडाप (सीटवर चालणारी जीप-रिक्षा) मिळतं.